तो यहूदा नव्हे, दुसरा

आता मुळात नावातच घोटाळा असेल तर काशीराम तरी काय करणार, तुम्हीच सांगा! गोष्ट एकोणीसशे तीसच्या सुमाराची. तुम्हाला सांगतो, रत्नागिरीच्या त्या इवल्याशा ख्रिस्ती मंडळीने नाटक बसवायचं ठरवलं, प्रभूचं शेवटचं जेवण, आणि बाराही शिष्यांचे झगे शिवले कुणी? काशीराम शिंप्याने. त्याला वाटलं, निदान बरंसं सोंग तरी मिळेल. पण पेत्र गेला पोस्टमास्तरांकडे, आवाज मोठा म्हणून. योहान गेला चर्चच्या पाळकसाहेबांच्या मेहुण्याकडे, मेहुणा म्हणून… आणि काशीरामच्या वाट्याला काय? यहूदा.

त्याची बायको गोदा हातातलं भांडं तसंच धरून बघत राहिली. गुरूला धरून देणारा तो?

तो नव्हे गो, दुसरा.

आता हा दुसरा कोण? काशीराम पाळकसाहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, बायबलातलं एक शुभवर्तमान त्याला तद्दय म्हणतं, दुसरं याकोबाचा यहूदा म्हणतं, आणि योहानाचं नुसतं म्हणतं, यहूदा, पण इस्कर्योत नव्हे, म्हणजे धरून देणारा नव्हे. माणूस एकच की निरनिराळे? साहेबांनी चष्मा पुसला, विद्वानांत मतभेद आहेत म्हणाले. अहो, मग तद्दयच म्हणा ना, काय बिघडलं? तर नाही, नाटक योहानाच्या शुभवर्तमानावरून घेतलंय, तिथं यहूदाच आहे. आणि त्याला वाक्य किती? एक.

झालं, बाजारभर चर्चा. गंगुबाई कोळीण टोपलीतले बांगडे निवडून देता देता विचारते, काय रे, तू म्हणे तुमच्या देवाला धरून देणार? तो नव्हे, दुसरा. भाट्याच्या खाडीवरच्या तरीवर पाय ठेवला तर तरवाला तेच विचारतो. तो नव्हे बाबा, दुसरा…

तुम्ही हसाल, पण काशीरामच्या ते जिव्हारी लागायचं. का ते सांगतो. त्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा थोरला भाऊ धोंडू गावच्या अंगणात, चार माणसांदेखत म्हणाला होता, तू घर इकलंस. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही, जाणंयेणं नाही. आणि आता गोदेने परस्पर निरोप धाडला म्हणून हाच धोंडू नाटकाला येणार, आणि भाऊ त्याला दिसणार कोण म्हणून? यहूदा!

धोंडू आला. दोन घास जेवला. गोदेने वाढता वाढता दुसऱ्या यहूदाचं सगळं समजावलं, तर हा हात धुऊन उठला. मांडवात जाऊन शेवटच्या रांगेत बसला, हाताची घडी घालून.

नाटक रंगलं. पाळकसाहेब बाजूला उभे राहून कोण बोलतंय ते सांगत होते. काशीराम उठला आणि साहेब म्हणाले, आता यहूदा बोलतो… आणि पुढचं 'इस्कर्योत नव्हे' विसरले. मांडवात कुजबुज, हाच तो, हाच.  पण काशीराम बोलला, बघत होता मात्र थेट भावाकडे.

"प्रभू, तू आम्हालाच दिसणार आणि जगाला नाही, असं का?"

तेवढ्यात पाठीमागून धोंडू उभा राहिला.

"ह्यो माजा भाव हाय. इकणारा त्यो दुसरा."

एवढंच बोलला आणि खाली बसला. प्रभूचं काम करणारा कारकून पुढचं वाक्य विसरला, पोस्टमास्तर पेत्र डोळे पुसायला लागले, आणि काशीरामची छाती अशी फुगली की स्वतःच घातलेली टीप उसवली! संध्याकाळी तो झगा न उतरवता भावाला घेऊन भर बाजारातून गेला. आता कुणी विचारायचीही वाट बघेना, आपणच सांगत सुटला, तो नव्हे हो, दुसरा, आणि हा माझा थोरला भाऊ.

पुढच्या वर्षी पाळकसाहेबांनी खूश होऊन त्याला याकोब दिला. स्वच्छ नाव, कुणी बोट दाखवायचं नाही. पण काशीराम आता शहाणा झालेला. त्याने विचारलं, साहेब, याकोब एकच ना? साहेब जमिनीकडे बघायला लागले. दोन आहेत म्हणाले. तुझा तो अल्फीचा मुलगा, कमी माहितीचा.

वाक्य तरी आहे का त्याला?

नव्हतं. काय करता? काशीरामने गावी निरोप धाडला, दादा, नाटकाला नक्की ये, या खेपेला मी नुसता जेवणार आहे.