आरशातली बायको

हसू नका हं, पण भुताचा सिनेमा बघून रडलेला माणूस मी आमच्याच घरात पाहिलाय. माझे सासरे. सासूबाई गेल्या आणि महिन्याभरात आम्ही त्यांना पुण्याहून इथे जर्मनीत, वोल्फ्सबुर्गला घेऊन आलो. आल्यापासून ते फारसं बोलायचेच नाहीत. सासूबाईंचं तर नावही काढायचे नाहीत.

एका रविवारी दुपारी टीव्हीवर जुना ब्रिटिश भयपट लागला होता. ब्लॅक अँड व्हाइट, आणि वर जर्मनमध्ये डब केलेला. मी शेजारी बसून त्यांना मराठीत सांगत होते. एक माणूस लिलावात आरसा विकत घेतो. तो आरसा शापित असतो. त्यात त्याला रोज त्याची मेलेली बायको दिसायला लागते. ती काही करत नाही, नुसती त्याच्याकडे बघत उभी असते. आमची आठ वर्षांची इरा उशीमागे लपून "माख आउस, मामा!" म्हणत होती, म्हणजे आई, बंद कर म्हणून. शेवटी तो माणूस हातोडा घेतो आणि आरसा फोडून टाकतो.

"सुटला बिचारा," मी म्हटलं.

"फोडला कशाला?" बाबांनी विचारलं.

"अहो बाबा, भूत होतं ना ते!"

"बायको होती त्याची."

डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला.

"मला दिसली असती ना, तर मी आरशासमोर खुर्ची ओढून बसलो असतो गं."