आक्विझग्रानची गाडी

लाम्बेर्ट : …नाही ताई, ती परात आधी खाली ठेव. ये, अशी जवळ बस. एक गोष्ट सांगतो. ऐकून झाल्यावर हवं तर लाटण्यानं मार.

ओडिलिया : यात्रेकरूंचे तांदळाचे केक भट्टीत करपतायत आणि याला गोष्टी सुचतात! तालीम सोडून आलास तो? आज शेवटचं दर्शन. सहाला तुम्हा चर्चच्या गायकांना गायचंय. मग माउली मरियेचं वस्त्र पेटीत जाणार, कुलपात शिसं ओतणार. त्यानंतर सात वर्षं कुणाच्या दृष्टीस पडायचं नाही.

लाम्बेर्ट : म्हणून तर आलो. ताई, पोलिश लोक आक्विझग्रान कशाला म्हणतात?

ओडिलिया : थट्टा करतोस? आपल्या आखेनला! तुझे दाजी सायलेशियाचे, घरी पोलिश बोलायचे. जन्मभर ते आक्विझग्रानच म्हणत गेले, आणि तू त्यांना हसत गेलास.

लाम्बेर्ट : हसलो खरा. ऐकलं मात्र कधीच नाही.

ओडिलिया : चेहरा का असा उतरलाय तुझा? काय केलंस?

लाम्बेर्ट : सकाळी स्टेशनावर होतो. यात्रेकरूंना वाट दाखवायची सेवा, गळ्यात पिवळा रुमाल. एक म्हातारी आली. डोक्याला फडकं, काखेत बोचकं. गावाकडच्या कुणीतरी ट्रकवाल्यानं दाराशी सोडलं असावं, कारण हातात तिकीट नव्हतं. मला म्हणाली, "आक्विझग्रान?" एवढंच. आणि जपमाळ दाखवली.

ओडिलिया : मग?

लाम्बेर्ट : मला वाटलं, इथले गल्लीबोळ मला पाठ. जे मला ठाऊक नाही, ते सीमेपलीकडचंच असणार. समोर बेल्जियममधल्या लिएजची गाडी सुटत होती. बोचकं उचललं, म्हातारीला खिडकीशी बसवलं.

ओडिलिया : अरे देवा! आखेनात उभ्या असलेल्या बाईला आखेनबाहेर काढलंस?

लाम्बेर्ट : तिनं माझा हात कपाळाला लावला, ताई. मी फुगलो. केवढं पुण्य केलं, असं वाटलं.

ओडिलिया : कुणाला विचारायचं होतंस!

लाम्बेर्ट : रुमाल गळ्यात असताना "माहीत नाही" कसं म्हणायचं?

ओडिलिया : लिएजला आपण जर्मन लोक ल्युटिख म्हणतो, ते चालतं. त्या बाईनं आपल्या गावाला तिच्या माहेरच्या बोलीतलं नाव दिलं, की लगेच गाव परमुलखात! मग कळलं कधी?

लाम्बेर्ट : तालमीत. लॅटिन गाण्यात तो शब्द आला. आक्विस्ग्रानुम. तरुणपणापासून तोंड भरून गातोय मी तो. आज ओठांवर आला आणि मी गाणं अर्ध्यावर सोडून निघालो. तीच होती ती! तेच नाव घेऊन म्हातारी समोर उभी होती.

ओडिलिया : काल फादरनी केवढं सुरात आळवून सांगितलं, दारी पाहुणा येईल, तो आपलं नाव आपल्या बोलीत सांगणार नाही, तरी ओळखा. पहिल्या बाकावर मान कोण डोलावत होतं?

लाम्बेर्ट : मीच.

ओडिलिया : वेड्या, सगळं पाणीच आहे रे त्यात. रोमन लोकांना इथले गरम झरे दिसले. पाण्याला ते आक्वा म्हणायचे आणि झऱ्यांचा देव ग्रानुस. पोलंडनं, इटलीनं ते जपून ठेवलं. आपल्या पूर्वजांच्या बोलीतही पाणी म्हणजे आहा, त्याचंच आखेन झालं. फ्रेंचांनी पाण्याला राजाचं देऊळ जोडलं आणि एक्स-ला-शापेल केलं. पाणी तेच, घागरी वेगळ्या. हे दाजी जेवताना सांगायचे. तू तेव्हा मीठ मागायचास.

लाम्बेर्ट : नको ना बोलूस. तिला शोधायचं कसं ते सांग.

ओडिलिया : सरक, फोन दे इकडे. फ्रेंच मला येतं… हॅलो, लिएज स्टेशन? एक्स-ला-शापेलहून बोलतेय. एक वयस्कर बाई, डोक्याला फडकं… हो, हो! रडत होती? …कोण म्हणालात, हमाल? …देव त्याचं भलं करो. कुठल्या गाडीनं? …फार उपकार झाले.

लाम्बेर्ट : सापडली?

ओडिलिया : बाकावर बसून एकच शब्द म्हणत होती. येणारे-जाणारे खांदे उडवत होते. तिथला एक हमाल इटालियन, खाणीत राबायला आलेल्यांचा मुलगा. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "आक्विस्ग्राना! हे तर आमचंच नाव!" उलटीकडच्या गाडीत बसवलंय. पण गाडी सहानंतर पोचेल.

लाम्बेर्ट : सहानंतर…

ओडिलिया : तू जा गायला. तुझा एकट्याचा आलाप आहे आज. स्टेशनावर मी जाते.

लाम्बेर्ट : आलाप दुसरा कुणी घेईल. जे नाव मी ओळखलं नाही, ते कोणत्या तोंडानं गाऊ? ताई, तू फक्त बोलायला बरोबर चल. तिची भाषा तुला येते.

(संध्याकाळ. स्टेशनचा फलाट. लिएजची गाडी येऊन उभी आहे. आजीचं बोलणं ओडिलिया भावाला समजावून सांगते, त्याचं तिला.)

लाम्बेर्ट : आजी, बोचकं द्या इकडे. ओळखलंत मला?

आजी : पिवळा रुमालवाला. आता रुमाल कुठंय?

लाम्बेर्ट : काढून ठेवला. आजी, तुम्ही सकाळी पोचला होतात. हेच आक्विझग्रान. मीच तुम्हाला हाकललं.

आजी : हाकललं नाहीस. खिडकीशी बसवलंस. …ही शिंगं कसली वाजतायत?

ओडिलिया : वस्त्र दाखवलं की लोक चौकात शिंगं फुंकतात, आजी. हे शेवटचं.

आजी : म्हणजे संपलं?

लाम्बेर्ट : संपलं. माझ्यामुळे. मारा मला, काहीतरी बोला तरी.

आजी : बोचकं सोड. आत ओढणी आहे, बघ. माझ्या धाकट्या बहिणीची, यादविगाची. दोघी मिळून येणार होतो. हिवाळ्यात ती गेली. म्हटलं, वस्त्रासमोर ओढणी तरी धरीन.

लाम्बेर्ट : सात वर्षांनी मी स्वतः तुम्हाला घ्यायला येईन, आजी. तुमच्या दारापर्यंत.

आजी : सात वर्षं! वय बघितलंस का माझं? तुझी बहीण म्हणते तू गातोस.

लाम्बेर्ट : आज नाही गायलो.

आजी : पुढच्या वेळी गा. ही ओढणी ठेव तुझ्याजवळ. तेव्हा खांद्यावर घे आणि मनात यादविगाचं नाव घे.

लाम्बेर्ट : आणि तुमचं नाव, आजी? सकाळी मी विचारलंसुद्धा नाही.

आजी : माझं कशाला? मी उशिरा का होईना, पोचले. जी पोचली नाही, तिला आठव.