पत्रकाची मागची बाजू

मुलगी: समोरच्या इमारतीत एका बाईंनी पत्रक पूर्ण वाचलं, नीट घडी घातली आणि परत माझ्याच हातात दिलं. असं कुणी करतं का, बाबा?

बाबा: रद्दी नको असेल घरात.

मुलगी: रद्दी? चार वेळा मजकूर बदललाय मी. ‘तुमच्या गल्लीतलं विजेच्या सामानाचं दुकान. बल्ब घ्या, बसवून आम्ही देतो. वयस्कर मंडळींना सगळं घरपोच.’ यात न आवडण्यासारखं काय आहे?

बाबा: मी म्हटलं होतं, पत्रकं नकोत.

मुलगी: तुम्हाला सगळंच नको असतं. काच पुसली तर म्हणालात, उगाच कशाला. दारावर दिव्यांची माळ लावली, ती काढायला लावलीत. फोनवर गल्लीचा ग्रुप केला, साठ घरं जोडली. तीन दिवसांत बेचाळीस जण बाहेर पडले, एक अक्षर न बोलता. शहरातल्या नोकरीत मी दात नसलेल्यांना दंतमंजन खपवलंय, बाबा. आणि इथे आपल्याच गल्लीत साधा बल्ब खपेना?

बाबा: बाजारच मंद आहे.

मुलगी: फोनवरही वर्षभर हेच सांगत होतात. मंदबिंद काही नाही. चौकातल्या मोठ्या दुकानात उभं राहायला जागा नसते. आपली माणसं वीस मिनिटं चालत तिथे जातात आणि एक प्लग घेऊन येतात. आपल्या दाराजवळ आली की रस्ता ओलांडतात.

बाबा: ऊन चुकवत असतील.

मुलगी: सकाळीही आणि संध्याकाळीही?

शिंपीण: आहात का, भाऊ? ही घ्या तुमची पत्रकं.

मुलगी: काकू, ती तुमच्या दुकानात ठेवायला दिली होती मी. माप देईपर्यंत गिऱ्हाईक उभं असतं, तेवढ्यात वाचेल म्हणून.

शिंपीण: वाचतात गं. वाचतात आणि मग माझ्याकडे बघतात. काल एकीनं टाकलेलं कापड परत उचललं आणि चालती झाली. माझं पोट त्या मशीनवर आहे, बाई.

मुलगी: पण का? आम्ही कुणाचं काय घोडं मारलंय?

शिंपीण: अगं बाई. भाऊ, पोरीला काहीच सांगितलं नाहीत?

बाबा: सांगण्यासारखं काही नाही.

शिंपीण: पोस्टमनची बायको गेली, ते सांगण्यासारखं नाही?

मुलगी: गेली? कधी?

शिंपीण: गेल्या थंडीत. पाणी तापवायचा रॉड बादलीत सोडला होता. पाणी तापलं का बघायला हात घातला आणि तिथेच पडली. रॉड याच दुकानातला. पण त्यासाठी कुणी तोंड फिरवलं नाही हो, उगाच खोटं कशाला बोलू? तपासायला माणूस आला होता, तो म्हणाला घरातली वायरिंग जुनाट आहे. सगळ्यांनी मानलं. पण तिला नेलं त्या दिवशी हा सगळा रस्ता बंद होता. मी मशीन झाकलं, बेकरीवाल्यानं भट्टी विझवली. आणि भाऊंचं दुकान उघडं! आतले पंखे फिरत होते. पोस्टमननं जाता जाता मान वळवून बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं.

मुलगी: बाबा?

शिंपीण: मी निघते, शिवणकाम तसंच टाकून आलेय. राग धरू नकोस हं, पोरी. मला वाटलं, तुला ठाऊक असेल.

मुलगी: चार पावलं जायचं होतं, बाबा. शटर खाली ओढायला काय झालं होतं?

बाबा: बंद केलं असतं तर लोक म्हणाले असते, हा घाबरला.

मुलगी: घाबरण्यासारखं काय होतं? वायरिंग त्यांची खराब होती ना? बाबा, मी काहीतरी विचारतेय. तो बल्ब खाली ठेवा आणि माझ्याकडे बघा.

बाबा: त्याच्या आठवडाभर आधी छपाईवाला आला होता. तिचा रॉड ज्या दहांच्या खोक्यातला, त्यातलाच एक घेऊन. म्हणाला, झटका देतोय. मी म्हटलं, तुझाच हात ओला असेल. बदली दुसऱ्या बनावटीचा दिला. तो गेला.

मुलगी: परत आलेला तपासलात?

बाबा: पाण्यात सोडला. पाण्याला टेस्टर लावला.

मुलगी: मग?

बाबा: पेटला.

मुलगी: आणि तरी बाकीचे विकलेत?

बाबा: वाटलं, दहात एखादा निघतो खराब. थंडी ऐन भरात होती. रोज दोघं-तिघं येऊन रॉडच मागत होते.

मुलगी: त्या तपासणीच्या माणसाला हे सांगितलंत?

बाबा: त्यानं विचारलं नाही.

मुलगी: दहांचं खोकं. छपाईवाल्याचा परत आला. एक पोस्टमनच्या घरी. उरलेले आठ?

बाबा: तीन वर माळ्यावर. ती गेली त्याच दिवशी फळीवरून काढले.

मुलगी: आणि पाच?

बाबा: लोकांकडे.

मुलगी: म्हणजे, आत्ताही?

बाबा: मग थंडी संपत आली. म्हटलं, आता कोण वापरतंय.

मुलगी: पुन्हा पडायला लागलीय, बाबा! सकाळी तोंडातून वाफ निघते. कुणाकुणाला दिलेत?

बाबा: बेकरीवाला. नर्सबाई. कोपऱ्यावरचा घड्याळवाला. बेकरीच्या वर ते जोडपं राहतं, भाड्यानं.

मुलगी: चार झाले.

बाबा: हं.

मुलगी: हं काय? पाचवा कुणाकडे आहे?

बाबा: शेजारी.

मुलगी: शेजारी कुठे? आत्ता इथे उभ्या होत्या त्या काकूंकडे? आणि तुम्ही ऐकत बसलात? वर्षभर त्यांच्या भिंतीला भिंत लावून दुकान चालवताय!

बाबा: रोज आधी त्यांच्या मशीनचा आवाज येतोय का ते ऐकतो. मग शटर उचलतो.

मुलगी: सरका. मला जाऊ द्या.

बाबा: थांब. तू एकदा बोललीस की दुकान संपलं. चौकशी पुन्हा उघडेल. मला नेतील.

मुलगी: नेतील.

बाबा: माझीच मुलगी ना तू?

मुलगी: आहे म्हणून तुम्हाला लिहायला सांगतेय, नाहीतर मीच लिहिलं असतं. मी काकूंना गाठते, मग बाकीच्या घरी जाते. या पत्रकांची मागची बाजू कोरी आहे. सगळ्या गल्लीत पुन्हा वाटायची आहेत. येईपर्यंत मजकूर तयार ठेवा, तुमच्या अक्षरात.

बाबा: काय लिहू?

मुलगी: झालं ते. छान लिहायच्या भानगडीत पडू नका.

(चार दिवसांनी, सकाळी. दुकानात मुलगी आणि शिंपीण.)

शिंपीण: नर्सबाईंचा आला का गं?

मुलगी: आला. कागदात गुंडाळून पायरीवर ठेवून गेल्या. घड्याळवाल्यांनी माझ्यादेखत हातोड्यानं ठेचला. बेकरीवाल्यांनी हातात दिला आणि दार लावून घेतलं.

शिंपीण: आणि वरचं जोडपं?

मुलगी: उन्हाळ्यातच घर सोडून गेलंय. कुठे ते घरमालकालाही माहीत नाही. फोन लागत नाही. ज्याला त्याला विचारतेय.

शिंपीण: म्हणजे एक अजून बाहेरच आहे.

मुलगी: हो.

शिंपीण: सासूबाईंची बादली रोज मीच भरते. आधी बटण बंद करायचं, प्लग काढायचा, मग पाण्याला हात. सवय म्हणून हो, अक्कल म्हणून नाही. एखाद्या दिवशी घाईत राहिलं असतं तर? आणि भाऊ दर दोन दिवसांनी विचारायचे, ‘सासूबाई बऱ्या आहेत ना?’ मी घरी जाऊन सांगायची, शेजार लाभावा तर असा.

मुलगी: काकू, त्यांच्या वतीनं मी माफी कशी मागू, तेच कळत नाही.

शिंपीण: मागू नकोस. तू तुझं केलंस. कुठे गेलेत?

मुलगी: पोस्टमनकाकांकडे. त्यांच्या दारात पत्रक टाकायचं नाही, स्वतः जायचं, असं मी म्हटलं. तिथून आल्यावर पोलीस चौकीत जायचंय. काकांकडे मी सोबत येते म्हटलं, तर नको म्हणाले.

शिंपीण: ते बघ, वळले कोपऱ्यावरून. मी जाते. आज तरी मला त्यांचं तोंड बघवणार नाही.

मुलगी: भेटले, बाबा?

बाबा: भेटला. मुलीची वेणी घालत होता. शाळेत जायची होती. ती जाईपर्यंत दारात थांबलो.

मुलगी: सगळं सांगितलंत?

बाबा: छपाईवाला, टेस्टर, माळ्यावरचे तीन. सगळं.

मुलगी: ओरडले?

बाबा: ओरडला असता तर बरं झालं असतं. खाली बसला. म्हणाला, बायको वायरिंग बदलून घ्या म्हणून मागे लागली होती, मी आज-उद्या करत राहिलो. म्हणाला, वर्षभर मी समजतोय की मीच तिला मारलं.

मुलगी: अरे देवा.

बाबा: मग एकच विचारलं. रॉड घ्यायला आली तेव्हा काही बोलली होती का?

मुलगी: काय सांगितलंत?

बाबा: आठवत नाही म्हटलं.

मुलगी: खरंच नाही आठवत?

बाबा: चल. चौकीत जायचंय ना? शटर ओढून घे.

मुलगी: बाबा, काय म्हणाली होती ती?

बाबा: म्हणाली, ‘चांगला आहे ना, काका?’