अण्णांनी पाणी सोडलं

आईशप्पथ सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे एक गोष्ट सोडली तर.

त्या दुष्काळात बीडच्या आमच्या सहकारी सोसायटीत टाकीच्या व्हॉल्व्हची चावी सेक्रेटरी वैजनाथअण्णांच्या करदोट्याला बांधलेली असायची. टँकर आठवड्यातून एकदा यायचा आणि घराला चारच हंडे मिळायचे. पाचवा मागितला की अण्णा विचारायचे, "काहून? म्हैस पाळली का बे?"

एकदा मी हात जोडले. "अण्णा, उद्या ताईला बघायला पाहुणे यायलेत. घरात थेंब न्हाई. सोयरीक मोडंल."

घटकाभरानं अण्णा चार भरलेले हंडे आमच्या दारात ठेवून धापा टाकत उभे राहिले.

"टाकीतून सोडलं का, अण्णा?"

"टाकी समद्यांची हाय. मी माझ्या पाण्यावर पाणी सोडलं!"

मग आठवडाभर ते बिनअंघोळीचे हिंडले. जिन्यात भेटले की विचारायचे, "पाहुण्यांचा सांगावा आला का रे?"

आज अण्णा नाहीत. नळ सुटला की मला मात्र तेच आठवतात.

यातले पाहुणे तेवढे बनवलेले. मला डोक्यावरून अंघोळ करायची होती, म्हणून तेव्हाच बनवले होते.