चाळीस दिवसांची लोकर

...नाही, तो बोळा ओढू नका, बाई. बाकीच्या एकोणतीस घंटा खुशाल वाजवून पाहा — या दुधाळ मेंढ्यांच्या, या कोकरांच्या — कारागीर एकेक घंटा कानाशी धरून, हातोडीने ठोकून सुरात आणायचा. कळप चालू लागला की अख्खी डोंगरउतरण गायची. पण ती मोठी, म्होरक्या मेंढ्याची, आहे तशीच न्या, आतल्या लोकरीसकट. तुमच्या संग्रहालयाला सगळा संच मिळतोय, तेव्हा एवढी अट चालेल ना? चालेल. बसा. चहा डोंगरी पाल्याचा आहे, दूध मागू नका.

तर ही तुमची पाटी. ‘दक्षिण बल्गेरियातल्या रोडोपी डोंगरात, घरी मृत्यू झाल्यास, मेंढपाळ कळपाच्या घंटांमध्ये लोकर कोंबून त्या चाळीस दिवस मुक्या ठेवत.’ कुठून उतरवलंत हे? — माझ्याच पुस्तकातून, दुसरं कुठून असणार! सारा जन्म शाळेत इतिहास-भूगोल शिकवला आणि सुट्ट्यांमध्ये गावोगाव चालीरीती टिपत हिंडलो. आमचे आजोबा हिवाळ्यात कळप घेऊन पार ग्रीसच्या समुद्रापर्यंत उतरायचे. मग सरहद्दीवर काटेरी तारेचं कुंपण आलं, वाटा बुजल्या — म्हटलं, कागदावर तरी राहू देत. चाळीस हा आकडा मला एका म्हाताऱ्या मेंढपाळाने दिला. मी लिहून घेतला. धुकं पडलं तर काय करता, हे मी त्याला विचारलं का? नाही विचारलं.

कळप माझा नव्हता — वेलिकाचा, माझ्या बायकोचा. सप्टेंबरात माझी आई गेली, तेव्हा तीसही घंटांत लोकर मी स्वतः भरली, शास्त्रशुद्ध, दिवस मोजत. तेहतिसाव्या सकाळी असं धुकं उतरलं की अंगणातला अक्रोड दिसेना. मेंढ्या वरच्या कुरणात, कड्याला लागून. वेलिका म्हणाली, “मास्तर, चला माझ्याबरोबर, सापडतील तशी एकेकीची लोकर काढू. माझ्या माहेरी धुकं पडलं की त्याच क्षणी काढतात. सासूबाई काही रागवायच्या नाहीत — जिवंतपणी रागवायच्या तेवढं पुरे झालं.” आणि मी म्हणालो — ऐका, हे नीट ऐका — मी म्हणालो, “वेलिके, तुझ्या माहेरचा पाठ भ्रष्ट आहे.” भ्रष्ट! लहानपणापासून डोंगरात मेंढ्या राखणाऱ्या बाईला! ती हसली. “बरं, मग पुस्तकालाच पाठवा मेंढ्या शोधायला,” म्हणाली, आणि काठी घेऊन गेली.

मी? मी इथेच, याच टेबलाशी, टिपणं नीट लावत होतो. दुपारी कळप आपणहून घरी आला — तीस घंटा, आणि आवाज कसलाच नाही. अंगण भरलं तरी मला पत्ता नाही. मान वर केली तेव्हा खिडकीबाहेर लोकरच लोकर. वेलिका नव्हती. दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर सापडली, कड्याखाली, घळीत. वर, जिथून तिचा पाय निसटला, तिथून दहा पावलांवर मेंढ्यांच्या लेंड्या पडल्या होत्या — ताज्या. म्हणजे ती त्यांच्यापाशी पोचलीच होती, बाई. एक घंटा वाजली असती — एकच — तर ती डावीकडे वळली असती.

मग रीतीप्रमाणे तिच्यासाठी पुन्हा लोकर भरायची — तर मी होती तीही उपसायला बसलो. हिसडे देऊन देऊन; घंटा घणाघण वाजत होत्या. शेजारची ग्रोझ्दा धावत आली, “मास्तर, लाज वाटू द्या, बायको अजून घरात आहे!” एकोणतीस उपसल्या. तिसाव्या, म्होरक्याच्या घंटेत बोटं घातली आणि — सोडा. चहा निवला तुमचा.

पाटी बदला. लिहा: ‘चाळीस दिवस, परंतु धुके पडल्यास तत्क्षणी लोकर काढीत.’ काय? आधार? — हो, आधार हवाच, तुमचं बरोबर आहे. मीही मागितला असता. मी मागितलाच होता. लिहा, माहिती देणारी व्यक्ती: वेलिका सिराकोवा, मेंढपाळ. टिपून घेणाऱ्याचं नाव? ती जागा मोकळी ठेवा. त्याने टिपून घेतलं नव्हतं.

घंटा उचला आणि निघा आता.