विषाणू सापडला नाही

भोरच्या एसटी स्टँडवर माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सासूच्या हातात रक्ततपासणीचा कागद होता.

“रश्मी, म्या बारा आठवडे गोळ्या खाल्ल्या, तरी हितं पॉझिटिव्हच लिवलंय की!”

“आत्याबाई, हिपॅटायटिस सी होऊन गेल्याची ती खूण हाय, ती राहतेच. खालची ओळ बघा. विषाणू सापडला न्हाई.”

“मंग गेला कुठं?”

“लिवरच्या पेशीत शिरून तो सोताच्या नकला काढत व्हता. गोळ्यांनी ते नकला काढणंच बंद पाडलं.”

“पर लई रूपं बदलतो म्हणं त्यो.”

“नकलेत चुका व्हतात, म्हणून बदलतो. आता नक्कल काढायला एकबी उरला न्हाई.”

“ह्ये सगळं तुला डाक्टरांनी सांगितलं?”

“व्हय. रक्तातनंच लागतो, जेवणातनं न्हाई, ह्येबी सांगितलं.”

“कवा?”

“पहिल्याच म्हैन्यात.”

“आन माझं ताट तर कालपातुर येगळं व्हतं.”



“कळत व्हतं, आत्याबाई, पर भ्या जात नव्हतं. चुकलं माझं.”

उत्रोलीची गाडी लागली. सासू उठली.

“चल. आज भाकरी म्या थापते. दोघी एका ताटात जेवू.”