ट्रॉलीची पिन

(तिगाव. दुपार. सासरे यशवंतराव आणि आयटीआयमध्ये शिकवणारी सून उर्वशी.)

यशवंतराव : ...त्याले माया समोर आणू नको. चाळीस वर्षं म्या ट्रॅक्टर हाकला, ट्रॉली कधी सुटली नाई. माया पोराच्या, भूपेंद्रच्याच हातून घाटीत सुटते? ट्रॉलीत बसलेली त्याची माय, देवका, तिकडं नागपूरच्या दवाखान्यात पाय मोडून पडली हाय.

उर्वशी : मामाजी, हे पहिल्या गेअरवर होते. ट्रॉलीतल्या मजूर बायाही तेच सांगून राहिल्या. हे बघा, घाटीतून काय उचलून आणलं.

यशवंतराव : ट्रॉली जोडाची पिन. तुटली, मंग? झटका देला असंन त्यानं.

उर्वशी : झटक्यानं लोखंड आधी वाकते, मग तुटते. ही जराही वाकली नाही. तुटलेलं तोंड बघा, खडीसाखरेसारखं चमकून राहिलं. कुठून आणली होती?

यशवंतराव : आणतो कायले? जुनी घडीघडी वाके. मंग म्याच बनोली, जुन्या अॅक्सलच्या तुकड्याची. भट्टीत लाल केली अन् पाण्यात बुडोली. कानस घसरे तिच्यावरून, इतकी कडक.

उर्वशी : बुडवल्यावर पुन्हा जराशी शेकली?

यशवंतराव : कायले? नरम पडली असती ना.

उर्वशी : थोडी पडायलाच पाहिजे होती. लाल लोखंडातले अणू जागा बदलून राहतात. दमानं थंड झालं तर नीट बसतात. एकदम पाण्यात गेलं का फुरसतच भेटत नाही, दाटून अडकतात. कडक होते, पण सरकायला जागा नाही. जोर आला का काचेसारखं तुटते. शेकलं का तो ताण उतरतो.

यशवंतराव : लोखंड तं थेच हाय ना?

उर्वशी : लोखंड तेच. आतली मांडणी बदलली.

यशवंतराव : म्हंजे... भूपेंद्रनं नाई.

उर्वशी : नाही.

यशवंतराव : म्या त्याले साऱ्या गावासमोर म्हणलं, मायच्या जिवावर उठला तू.

उर्वशी : परवापासून जेवले नाहीत ते.

यशवंतराव : उर्वशी, म्या दोन बनोल्या होत्या.

उर्वशी : काय?

यशवंतराव : एकाच तुकड्याच्या. दुसरी गावातल्या श्रीधरनं त्याच्या ट्रॉलीले मांगून नेली. थो आज संत्रा भरून सौसरले चालला. वर बाया बसल्या असतीन. लवकर फोन लाव त्याले.

उर्वशी : घंटी वाजून राहिली. उचलला, घ्या.

यशवंतराव : श्रीधर, हाय तिथंच गाडी थांबव. बायांले उतरव आधी... उतरल्या? सगळ्या? मंग थे पिन काढ, पुन्हा लावू नको. तशीच माया ट्रॉलीची तुटली... भूपेंद्र? नाई रे. देवकाचा पाय त्याच्या हातून नाई मोडला. माया हातून मोडला.